यकृतातले पाणी आणि डॉक्टरची सुई

एम.एस्सी.ला असताना परजीवीशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हा चौघा विद्यार्थ्यांवर एक काम सोपवण्यात आले होते. भल्या पहाटे कत्तलखान्यात जायचे आणि 'पाण्याच्या पिशव्या' असलेले मेंढीचे यकृत घेऊन यायचे. ते कोणत्या शब्दांत मागावे असा आम्हाला प्रश्न पडला होता. पण तिथल्या खाटिकाला काही समजावून सांगावे लागले नाही. "पाण्याची कलेजी ना? न्या हवी तेवढी. गिऱ्हाईक तिला हात लावत नाही," असे म्हणून त्याने कोपऱ्यातल्या ढिगातून दोन यकृते काढून दिली. त्यांवर लिंबाएवढे, एक तर चांगले मोसंब्याएवढे, पांढुरके टणक फुगवटे होते. बाकीच्या ढिगाचे काय करता, असे आम्ही विचारले. त्याने दाराकडे बोट दाखवले. दारात सात-आठ कुत्री शेपट्या हलवत बसली होती.

प्रयोगशाळेत परतल्यावर ही गंमत आम्ही सरांना सांगितली. सर हसले नाहीत. "त्या कुत्र्यांच्या पोटात आता काय होणार ते सांगा," ते म्हणाले. या परजीवीचे जीवनचक्र आम्ही चौघांनीही आदल्या रात्री आकृतीसह पाठ केले होते. तेच चक्र तासाभरापूर्वी डोळ्यांसमोर फिरत असताना चौघांपैकी एकालाही ते ओळखू आले नव्हते.

मग आम्ही मोसंब्याएवढ्या पिशवीत इंजेक्शनची सुई खुपसली आणि पाणी ओढून घेतले. पाणी इतके नितळ की पिण्याचे म्हणून खपावे. काचेच्या नळीत ते थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी बारीक, रेतीसारखा साका बसला. त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि ती 'रेती' म्हणजे शेकडो इवली डोकी आहेत असे दिसले. प्रत्येक डोक्यावर आकड्यांचा मुकुट. प्रत्येक डोके म्हणजे पुढे होऊ शकणारा एक पट्टकृमी.

किती सहज सुई खुपसली होती आम्ही! मेंढी मेलेली होती, म्हणून. हीच पिशवी जिवंत माणसाच्या यकृतात असते तेव्हा तिच्यात सुई टोचावी की टोचू नये, या एका प्रश्नावर वैद्यकाने दीडशेहून अधिक वर्षे घालवली आहेत. आधी सुई टोचली जात होती, मग ती निषिद्ध ठरली, आणि नंतर ती सन्मानाने परत आली. या रोगाच्या निदानाचा इतिहास बराचसा त्या सुईचा इतिहास आहे.

न दिसणारा पाहुणा

रोगाचे नाव हायडॅटिड. मराठीत जलपुटी म्हणता येईल. त्याला कारण होणारा परजीवी म्हणजे एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी. पट्टकृमी म्हटले की आपल्याला पाठ्यपुस्तकातला कित्येक मीटर लांबीचा टीनिया आठवतो. हा त्याचा अगदी बुटका नातेवाईक आहे. त्याची लांबी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर. डोक्यामागे बहुधा तीनच खंड. तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. एका कुत्र्यात असे हजारो कृमी असले तरी कुत्रा ठणठणीत दिसतो. कृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, गवतावर जातात, आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात पोचतात. अंड्यातून सहा आकड्यांचा गर्भ निघतो, आतड्याची भिंत भेदतो आणि रक्तावाटे यकृतात जाऊन अडकतो. तिथे त्याची पाण्याने भरलेली पिशवी होते. पिशवीच्या आतल्या अस्तरातून ती आकडेवाली डोकी तयार होतात. असे यकृत कुत्र्याने खाल्ले की चक्र पुरे झाले.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याच्या केसांना, मातीला, न धुतलेल्या भाजीला चिकटलेली अंडी हातावाटे तोंडात जातात आणि माणसाच्या शरीरात मेंढीच्या शरीरातलाच प्रकार घडतो. (विद्यार्थी हमखास विचारतात म्हणून सांगतो: मेंढीची कलेजी खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. रोग होतो तो कुत्र्याकडून आलेल्या अंड्यांमुळे.) सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत पिशवी यकृतात असते, त्याखालोखाल फुप्फुसांत. ती फार सावकाश वाढते. पाच, दहा, कधी वीस वर्षे रुग्णाला काहीच कळत नाही.

निदानाची अडचण इथेच आहे. जंत, अंकुशकृमी, टीनिया यांपैकी काही झाले तर डॉक्टर विष्ठा तपासायला सांगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. जलपुटीच्या रुग्णाच्या विष्ठेत काहीच सापडत नाही, कारण माणसात हा कृमी प्रौढ होतच नाही. रक्तातही तो नाही, लघवीतही नाही. तो एका बंद पिशवीत आहे, पिशवी यकृतात आहे आणि यकृत बरगड्यांच्या आड आहे.

पाणी की प्राणी?

अशा पिशव्या लोकांनी फार पूर्वीपासून पाहिल्या होत्या. देवाला बळी दिलेल्या जनावरांत आणि शवांत त्या दिसत. यकृत पाण्याने भरते, ते पाणी पोटात फुटते आणि रोगी दगावतो, अशा अर्थाचे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत आहे. 'हायडॅटिड' हा शब्दही मुळात पाण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आला. म्हणजे हजारो वर्षे या रोगाचे नाव होते, पण ते केवळ पाण्याचे.

या पिशव्या सजीव असाव्यात अशी शंका सतराव्या शतकात इटलीत रेडी आणि इंग्लंडमध्ये टायसन यांना आली. १७६६ मध्ये पालास याने त्यांचा संबंध पट्टकृमींशी जोडला. १७८२ मध्ये जर्मन पाद्री गेट्झे याने पिशवीतल्या कणांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्याला पट्टकृमीची डोकी दिसली, आम्हाला दिसली तशीच. तरीही पुढची सत्तर वर्षे बहुतेक शास्त्रज्ञ पिशवीला स्वतंत्र प्राणी मानत राहिले. स्टेथोस्कोपचा जनक लाएनेक याने तर पोकळ पिशव्यांना 'बिनडोक्याची पुटी' अशा अर्थाचे नाव देऊन त्यांची वेगळी जातच मांडली होती. एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाचीही अशी चूक होऊ शकते, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. पिशवी आणि कृमी ही एकाच प्राण्याची दोन रूपे आहेत हे नुसत्या पाहण्याने सिद्ध होत नव्हते. त्यासाठी प्रयोग लागत होता.

तो १८५२ च्या सुमारास फॉन सीबोल्ड याने केला. मेंढीतल्या पिशव्यांतील द्रव्य त्याने कुत्र्यांच्या पिल्लांना खाऊ घातले. काही आठवड्यांनी पिल्लांच्या आतड्यांत बुटके पट्टकृमी सापडले. माणसातली पिशवीही तीच का, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १८६३ मध्ये मिळाले. बर्लिनमध्ये नाउनिन याने आणि आइसलँडमध्ये क्राबे व फिन्सेन यांनी माणसाच्या शरीरातून काढलेल्या पिशव्या कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि कुत्र्यांत तेच कृमी मिळाले.

जाता जाता याच कृमीच्या एका चुलत भावंडाचा उल्लेख करायला हवा. दक्षिण जर्मनीत यकृताचा एक भयंकर 'कर्करोग' आढळे. यकृत मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले असे. १८५५ मध्ये फिर्खो याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की हा कर्करोग नसून एकायनोकॉकस आहे. ती जात कोल्ह्यांत आणि उंदरांत फिरते, कधी कुत्र्यांतही येते. तिची कथा निराळी आहे.

हात, बोटे आणि सुई

दरम्यान रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरकडे काय साधने होती? दोन हात. पोटाचा उजवा, वरचा भाग फुगलेला. दाबला तर गोल, गुळगुळीत, ताठ काहीतरी लागते. पॅरिसच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक खूण वर्णिली. एका हाताची बोटे गाठीवर पसरून त्यांतल्या एका बोटावर टिचकी मारली, तर शेजारच्या बोटांना थरथर जाणवते. हा 'हायडॅटिड कंप' शिकण्यात विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेल्या. गंमत अशी की तो क्वचितच मिळतो आणि कुठल्याही पातळ भिंतीच्या पाणीदार गाठीत मिळू शकतो.

म्हणून सुई. पोकळ सुई पोटावरून सरळ गाठीत घालायची आणि काय निघते ते पाहायचे. पू निघाला तर गळू, रक्त निघाले तर बहुधा अर्बुद, आणि झऱ्यासारखे नितळ पाणी निघाले तर हायडॅटिड. त्या पाण्यात मीठ भरपूर असते पण प्रथिन जवळजवळ नसते. म्हणून ते उकळले तरी गढूळ होत नाही. जलोदराचे पाणी होते. साक्यात एखादा सुटा आकडा दिसला तर निदान पक्केच. रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शक आणि सुई यांची ही जोडी इतकी समाधानकारक होती की युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ती सर्रास वापरली गेली.

पण काही रुग्णांना सुई काढताच अंगभर गांधी उठत, श्वास लागे, नाडी बुडे, आणि काही जण तासाभरात मरत. इतर काही सुखरूप घरी जात आणि दोन-चार वर्षांनी परत येत. या वेळी मात्र पोटात एक नव्हे, डझनावारी गाठी असत. आधीच्या गाठी तेव्हा लक्षात आल्या नसाव्यात, असे डॉक्टर म्हणत.

आइसलँडची शंभर कुत्री

या सगळ्यात जिथे हा रोग सर्वात जास्त होता तिथे काय चालले होते ते पाहू. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या अंमलाखाली होते. शेतकऱ्यांची घरे विखुरलेली, मेंढ्या पुष्कळ, प्रत्येक घरात कुत्री, आणि जनावरे घरीच मारायची पद्धत. 'यकृताचा आजार' म्हणून लोक ज्याला ओळखत तो इतका सर्रास होता की १८४० च्या दशकात पाहणीसाठी आलेला डॅनिश डॉक्टर श्लाइसनर चकित झाला. त्याचा अंदाज होता की सहा-सात माणसांमागे एकाला हा रोग असावा. हा आकडा नंतर अनेकांना फुगवलेला वाटला.

१८६३ मध्ये हाराल्ड क्राबे हा डॅनिश संशोधक तिथे पोचला. त्याने केलेली गोष्ट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. माणसाच्या यकृतात काय आहे हे जिवंतपणी कळणे अवघड, तर चक्राच्या दुसऱ्या टोकाला का पाहू नये? त्याने शंभर कुत्र्यांची आतडी उघडून तपासली. अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी होता. कोपनहेगनमध्येही त्याने अशीच तपासणी केली होती आणि तिथे शेकडो कुत्र्यांत एखाददुसऱ्यातच तो सापडला होता. या तुलनेने रोगाचे कारण एका ओळीत सांगता आले.

पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, क्राबेची एक छोटी पुस्तिका आइसलँडच्या भाषेत छापून घरोघर फुकट वाटण्यात आली. पिशव्या असलेली इंद्रिये कुत्र्यांना घालू नका, जाळा किंवा पुरा. कुत्री कमी ठेवा. त्यांना हात लावल्यावर हात धुवा, असा तिचा आशय. आइसलँडमधल्या शेतकऱ्याच्या घरी वाचता येणारे माणूस बहुधा असेच, हे इथे महत्त्वाचे ठरले. १८६९ मध्ये कायदा झाला. १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना कृमिनाशक देणेही सक्तीचे झाले.

परिणाम कळायला मात्र पन्नास-साठ वर्षे लागली, कारण पिशव्या सावकाश वाढतात. विसाव्या शतकात रेक्याविकच्या शवविच्छेदनांच्या नोंदी जन्मवर्षानुसार लावल्या तेव्हा चित्र स्पष्ट झाले. १८६० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकांच्या शरीरात पिशव्या होत्या. म्हणजे श्लाइसनरचा अंदाज फारसा चुकला नव्हता. पुढच्या प्रत्येक दशकात जन्मलेल्यांत प्रमाण झपाट्याने घसरत गेले आणि पुढे रोग त्या देशातून गेलाच. रेक्याविक शहरात १९२४ पासून १९८४ पर्यंत कुत्रा पाळण्यावरच बंदी होती.

क्राबेला कुत्रा मारल्याशिवाय निदान करता आले नाही, याचे कारणही समजून घ्यावे. कुत्र्याच्या विष्ठेत अंडी असतात खरी, पण ती इतर टीनिया जातींच्या अंड्यांसारखीच हुबेहूब दिसतात. सूक्ष्मदर्शकाला फरक कळत नाही. जिवंत कुत्र्याच्या तपासणीसाठी पुढे जे औषध वापरात आले ते आपल्या फार ओळखीचे आहे. सुपारीतला अरेकोलीन हा अल्कलॉइड दिला की कुत्र्याचे आतडे जोराने आकुंचन पावते, कृमी सैल पडतात आणि जुलाबावाटे बाहेर येतात. न्यूझीलंडमध्ये, विशेषतः १९५९ च्या कायद्यानंतर, गावोगावची कुत्री ठरलेल्या जागी आणून त्यांना हे औषध देत आणि पडलेले द्रव्य तपासत. काम किळसवाणे, तपासनिसाला धोक्याचेही. पण मालकाला आपल्या कुत्र्यातले कृमी डोळ्यांनी दिसत, आणि त्या दर्शनाचा परिणाम कुठल्याही भित्तिपत्रकापेक्षा जास्त होई. आता विष्ठेतले कृमीचे प्रतिजन किंवा डीएनए ओळखणाऱ्या चाचण्या आहेत, आणि प्राझिक्वांटेल या औषधाने कुत्रा एका मात्रेत कृमिमुक्त होतो.

देव्हेचे ससे

आता सुईकडे परत येऊ. फ्रान्समधल्या रूआँ गावचा फेलिक्स देव्हे याने डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी एक साधा प्रश्न घेतला. सुई काढल्यानंतर दोन-चार वर्षांनी दिसणाऱ्या डझनभर गाठी खरोखर जुन्याच असतात का? त्याने मेंढीच्या पिशवीतली 'रेती' सशांच्या पोटात टोचली. काही महिन्यांनी सशांच्या पोटात नव्या पिशव्या वाढलेल्या होत्या.

पाठ्यपुस्तकातली आकृती सांगते की डोके कुत्र्याच्या आतड्यात पोचले तर कृमी होते. देव्हेने १९०१ मध्ये दाखवले की ते भलत्याच जागी, पोटाच्या पोकळीत सांडले तर कृमी न होता नवी पिशवी होते. म्हणजे सुईच्या भोकातून गळलेला प्रत्येक थेंब ही पेरणी होती. निदान करता करता डॉक्टर रोग पेरत होते. नंतरच्याच वर्षी, १९०२ मध्ये, रिशे आणि पोर्तिए यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस या प्रकाराचे वर्णन केले. आधी परिचय झालेल्या परक्या प्रथिनाचा दुसऱ्यांदा स्पर्श झाला की शरीर जीवघेणी प्रतिक्रिया देऊ शकते. टेबलावरच मरणाऱ्या रुग्णांचाही उलगडा झाला. पिशवी वर्षानुवर्षे थोडी थोडी पाझरून शरीराला संवेदनशील करून ठेवते, आणि सुई मग एकदम पूर सोडते.

देव्हेने उरलेले आयुष्य याच रोगाला वाहिले. त्याच्या कामाने सुई निषिद्ध झाली. 'हायडॅटिडचा संशय असेल तर टोचू नका' हे वाक्य पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे शल्यविशारदांच्या प्रत्येक पिढीने पाठ केले. पण टोचायचे नाही तर ओळखायचे कसे?

पिशवीची सावली रक्तात

उत्तर असे निघाले की पिशवीला हात न लावता शरीराने तिची घेतलेली दखल शोधायची. १९०६ मध्ये इटलीत गेदिनी याने रुग्णाच्या रक्तद्रवात पिशवीविरुद्धचे प्रतिपिंड असल्याचे पूरक-स्थिरीकरण चाचणीने दाखवले. त्याच वर्षी वासरमान याने उपदंशासाठी तीच युक्ती वापरली आणि तिची कीर्ती जगभर झाली. गेदिनीचे नाव फारसे कोणाला माहीत नाही.

अधिक लोकप्रिय झाली ती तोमासो कासोनी या इटालियन डॉक्टरची १९११-१२ मधली चाचणी. तिला प्रयोगशाळाही लागत नसे. मेंढीच्या किंवा रुग्णाच्या पिशवीतले पाणी गाळून निर्जंतुक करायचे. त्याचा दोन-दशांश मिलिलिटर एका हाताच्या कातडीत टोचायचा, दुसऱ्या हातात तेवढेच मिठाचे पाणी. पंधरा-वीस मिनिटांत पहिल्या हातावर वेडीवाकडी गांधी उठली आणि दुसऱ्यावर नाही, तर चाचणी होकारार्थी. एक हात प्रयोगाचा आणि एक तुलनेचा, ही रचना शाळेतल्या प्रयोगाइतकी साधी आणि सुंदर आहे. भारतातल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही हे नाव कित्येक दशके टिकून होते.

दोष हळूहळू कळले. एका मेंढीचे पाणी दुसरीसारखे नसते, त्यामुळे दोन रुग्णालयांची उत्तरे जुळत नसत. इतर कृमी असलेल्यांतही गांधी उठे. पिशवी काढून टाकल्यावरही चाचणी वर्षानुवर्षे होकारार्थी राही, म्हणजे 'रोग आहे' आणि 'रोग होता' यांत भेद होत नसे. शिवाय टोचलेले पाणीच माणसाला संवेदनशील करू शके. आता ती बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झाली आहे.

१९६७ मध्ये फ्रान्समधल्या लील येथील काप्रों यांच्या गटाने जेलमध्ये प्रतिजन आणि प्रतिपिंड यांच्या भेटीने उमटणाऱ्या रेषांतली पाचव्या क्रमांकाची कमान हायडॅटिडची खूण म्हणून निवडली. काही वर्षांनी तीच कमान डुकराच्या पट्टकृमीची अळी अंगात असलेल्यांतही दिसली. मग एलायझा आली. तीत पिशवीतल्या निवडक प्रथिनांविरुद्धचे प्रतिपिंड मोजतात. ती पुष्कळच बरी आहे. तरीही यकृतात पिशवी असलेल्यांपैकी दहा ते वीस टक्के लोकांत ती नकारार्थी येते. यात चाचणीचा दोष थोडा आणि पिशवीची हुशारी जास्त. भिंत अभंग असेल तर आतले प्रतिजन बाहेर येतच नाहीत, आणि शरीराला पाहुणा आल्याचा पत्ताच नसतो.

ट्यूनिसियातली चित्रे

मग पिशवी प्रत्यक्ष दिसली. क्ष-किरणांनी ती आधीही दिसे, पण फुप्फुसात. यकृतात ती तिच्या कडेला चुना साचला असेल तरच. सोनोग्राफीसाठी मात्र पाण्याने भरलेली पिशवी म्हणजे आदर्श वस्तू. श्राव्यातीत ध्वनी पाण्यातून विनाअडथळा जातो, तिथे पडद्यावर काळे दिसते. भिंतीवरून तो परततो, तिथे पांढरी रेघ उमटते.

१९८१ मध्ये ट्यूनिसियाचे हसन गर्बी आणि त्यांचे सहकारी यांनी १२१ रुग्णांची चित्रे तपासून यकृतातल्या पिशव्यांचे पाच प्रकार मांडले. पहिला, निव्वळ पाणी. दुसरा, आतला पडदा सुटून पाण्यावरच्या कमळपानासारखा तरंगतो आहे. तिसऱ्यात मोठ्या पिशवीत लहान पिशव्या, मधाच्या पोळ्यासारख्या. चौथा घट्ट, गोंधळलेला, यकृताच्याच अर्बुदासारखा भासणारा. पाचव्याची भिंत जाड आणि चुनकट. हा रोग ज्यांच्या अंगणात होता त्यांनीच त्याची बाराखडी लिहिली, हे आम्हाला लक्षणीय वाटते. तोवरची बहुतेक नावे युरोपातली होती. आणि हे नुसते वर्गीकरण नव्हते. पिशवी जन्मते, पिकते, मरते. त्या आयुष्याच्या पायऱ्या चित्रांत दिसत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यगटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात तोच क्रम थोडा बदलून जिवंत, संक्रमणावस्थेतली आणि निष्क्रिय असा लावला आहे. शेवटच्या दोन प्रकारांत पिशवी बहुधा मेलेलीच असते. तिथे ना शस्त्रक्रिया, ना औषध. अधूनमधून सोनोग्राफी करून पाहत राहायचे. हे रुग्णाच्या नातेवाइकांना पटवणे सर्वात कठीण, असे डॉक्टर सांगतात.

केनियाच्या वायव्येला तुर्काना हे भटके पशुपालक राहतात. त्यांच्यात हा रोग जगात सर्वाधिक म्हणावा इतका होता. १९८० च्या दशकात मॅकफर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहज उचलून नेता येणारे सोनोग्राफी यंत्र त्यांच्या वस्त्यांवर नेले आणि रक्तचाचणीही सोबत केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत यंत्राने दाखवलेले अनेक रुग्ण रक्तचाचणीतून निसटलेले होते. रुग्णाला काही होत नसतानाच, उघड्या माळावर, काही मिनिटांत उत्तर मिळत होते.

सुई परत येते

सुई निषिद्ध झाली तेव्हा ती आंधळी होती. आता पडद्यावर सुईचे टोक दिसत होते. ते यकृताच्या जाड थरातून नेले तर भोक आपोआप मिटते आणि पोटाच्या पोकळीत थेंब सांडत नाही. दिवसेंदिवस अल्बेंडाझोल देऊन पिशवीतली डोकी आधीच निकामी करता येतात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर काही डॉक्टरांनी, त्यांत पुन्हा ट्यूनिसियाचे लोक पुढे, निषेध मोडला. पाणी ओढायचे, त्या जागी तीव्र मिठाचे पाणी किंवा अल्कोहोल भरायचे, काही मिनिटे थांबायचे आणि ते परत ओढायचे. जुन्या शल्यविशारदांनी याला बेजबाबदारपणा म्हटले. देव्हेचे ससे त्यांच्या बाजूने होते.

वादाचा निकाल लावणारा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या देशातून आला. आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि काश्मीर या भागांत हा रोग बराच आढळतो. महाराष्ट्रातही रुग्ण असतात. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेत डॉ. खुरू आणि सहकाऱ्यांनी पन्नास रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. पंचवीस जणांवर शस्त्रक्रिया, पंचवीस जणांवर सुई आणि अल्बेंडाझोल. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिशव्या दोन्ही गटांत सारख्याच आक्रसल्या. रुग्णालयातला मुक्काम मात्र शस्त्रक्रियेच्या गटात सरासरी जवळजवळ तेरा दिवस आणि सुईच्या गटात चार दिवसांचा होता. गुंतागुंतही सुईच्या गटात कमी. काश्मीरमधल्या मेंढपाळाच्या घरी नऊ दिवसांचा फरक म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तरी देव्हे चुकला होता असे म्हणता येणार नाही. सुई सर्व पिशव्यांना चालत नाही. निव्वळ पाण्याच्या किंवा पडदा सुटलेल्या पिशव्यांनाच चालते. ती टोचताना भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो आणि अ‍ॅड्रिनलिन भरलेली दुसरी सुई हाताशी असते. पहिले थोडे पाणी ओढले की सगळे थांबतात. त्या पाण्यात पित्ताचा अंश आहे का ते आधी पाहतात. असेल तर पिशवी पित्तनलिकेशी जोडलेली आहे आणि आत अल्कोहोल सोडले तर ती नलिका करपेल. मग त्याच पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि आकड्यांचा मुकुट घातलेली डोकी शोधतात. ती हलताना दिसली, तर पिशवी जिवंत आहे.